अडकलेल्या लोकलमध्ये गार्डचा आवाज पोचायला हवा

९ जून २०२५ रोजी मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकलमधून प्रवासी खाली पडले, काहींचा जीव गेला. त्यानंतर साध्या लोकललाही आपोआप बंद होणारे दरवाजे बसवायचं ठरलं. ते हवेतच. पण गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये अडकली की प्रवाशांची सुरक्षा गाडीतल्या कर्मचाऱ्याच्या शब्दावर येऊन ठेपते. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ अडकली. खाली उतरू नका, असं रेल्वेने बजावलं. सुमारे हजार प्रवासी डब्यांतच थांबले आणि सुखरूप बाहेर आले. याउलट २२ जानेवारी २०२५ रोजी जळगाव जिल्ह्यात पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आगीची अफवा उठली. साखळी ओढली गेली, घाबरलेली माणसं शेजारच्या रुळावर उतरली आणि कर्नाटक एक्स्प्रेसने किमान बारा जणांचा बळी घेतला. १९ जुलै २०२३ रोजी पावसात ठाकुर्ली-कल्याण दरम्यान लोकल खोळंबली, प्रवासी उतरून चालू लागले आणि एक तान्हं बाळ नातलगाच्या हातून निसटून नाल्यात पडलं.

बारा डब्यांच्या लोकलमध्ये कर्मचारी दोनच : पुढे मोटरमन, शेवटच्या केबिनमध्ये गार्ड, म्हणजे आताचा ‘ट्रेन मॅनेजर’. दोघं बेलच्या खुणांनी बोलतात. अपघात झाला की शेजारच्या रुळावरची गाडी रोखण्यासाठी लाल झेंडा आणि रुळावर लावायचे फटाके घेऊन धावायचं कामही त्यांचंच. मधल्या हजारो प्रवाशांपर्यंत ते पोचतील तर केवळ घोषणेतून.

मग डब्याडब्यात कर्मचारी का नेमत नाहीत? सकाळी डोंबिवलीला पाय ठेवायला जागा नसते. नेमलेला माणूसही गर्दीत अडकेल. गार्डलाच खरी माहिती नसते, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून रेल्वेच्या कंट्रोल रूमने आधी त्याला कळवायला हवं. तोवर ‘शेजारचा रूळ चालू आहे, उतरू नका’ एवढं तरी तो सांगू शकतो. लोक ऐकत नाहीत, असंही म्हणतात. तासभर कोणी काही बोललंच नाही, तर शेवटी लोक उतरणारच. पहिल्या दोन मिनिटांत आणि नंतर पुन्हा पुन्हा सांगितलं, तर बरेचसे थांबतील.

दरवाजे बंद होऊ लागले की ही जबाबदारी आणखी वाढेल. अंधारात, पंखे बंद पडलेल्या डब्यात कोंडलेल्या माणसाला दार कधी आणि कोणत्या बाजूला उघडेल, हे कळलंच पाहिजे. म्हणून प्रत्येक डब्यात ऐकू जाणारी घोषणा, गार्डशी बोलण्याची सोय आणि अशा घोषणांचा नियमित सराव यांचा खर्च दरवाजांच्याच योजनेत धरायला हवा.