मालेगावचा ‘किताबुज्जुह्द’ आणि हबीबुर्रहमान आझमी

वाशीम जिल्ह्यातील कारंजा येथील जैन ग्रंथभांडारांची अपभ्रंशाच्या अभ्यासकास नव्याने ओळख करून देण्याचे कारण नाही. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी संपादिलेले ‘जसहरचरिउ’ (१९३१) आणि हीरालाल जैन यांचे ‘णायकुमारचरिउ’ (१९३३) हे ग्रंथ कारंजाहूनच प्रसिद्ध झाले. अरबीच्या बाबतीत असाच मान नाशिक जिल्ह्यातील मालेगावास १९६६ मध्ये मिळाला. त्याची मराठी अभ्यासकांनी फारशी दखल घेतलेली दिसत नाही. आठव्या शतकातील इब्नुल मुबारक यांचा ‘किताबुज्जुह्द’ हा वैराग्यविषयक हदीससंग्रह तेथील ‘मजलिस इह्याउल मआरिफ’ या संस्थेने प्रकाशित केला. त्याचे संपादक हबीबुर्रहमान आझमी.

आझमी (१९०१–१९९२) हे उत्तर प्रदेशातील मऊ या विणकरांच्या गावचे. देवबंद येथे अन्वरशाह काश्मीरी यांच्याजवळ त्यांनी अध्ययन केले. परंतु प्रकृतीने साथ न दिल्यामुळे उरलेले शिक्षण त्यांना मऊ येथेच पुरे करावे लागले. पुढे अध्यापनही मुख्यतः तेथेच झाले. कैरोचे थोर संपादक अहमद मुहंमद शाकिर यांच्या ‘मुस्नद अहमद’च्या आवृत्तीवर त्यांनी पाठविलेल्या दुरुस्त्या शाकिर यांनी पंधराव्या खंडात कृतज्ञतापूर्वक छापल्या. संपादकांत असे औदार्य विरळाच.

हदीसचे दोन घटक असतात : ‘मतन’ म्हणजे मूळ मजकूर आणि ‘इस्नाद’ म्हणजे तो मजकूर कोणी कोणाकडून ऐकला याची साखळी. साखळीतील क्रियापदे भाषाभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावीत अशी आहेत. ‘हद्दसना’ म्हणजे गुरूने स्वतः ऐकविले. ‘अख्बरना’ म्हणजे, पुष्कळांच्या मते, शिष्याने वाचले व गुरूने मान्य केले. केवळ ‘अन’ (‘कडून’) म्हटले तर प्रत्यक्ष श्रवण झाले की नाही हे संदिग्धच राहते. मराठीत एक ‘म्हणे’ जे काम ढोबळपणे करते, तेच येथे शास्त्राच्या काटेकोरपणाने विभागलेले आहे.

या साखळीच्या आधारेच ‘किताबुज्जुह्द’मधील थर उकलतात. ग्रंथ मिळतो तो हुसैन मर्वझी या शिष्याच्या आणि त्यांच्याकडून ऐकणाऱ्या इब्न साइद यांच्या द्वारे. ज्या निवेदनाच्या साखळीत इब्नुल मुबारक यांचे नावच येत नाही, ते या दोघांपैकी कोणी तरी मागाहून घातलेले, हे उघड आहे. दुसरे शिष्य नुऐम इब्न हम्माद यांच्या प्रतीत जे अधिक सापडले, ते आझमींनी मूळ संहितेत मिसळले नाही. ग्रंथाच्या शेवटी निराळे छापले. दोन परंपरांची एक गुळगुळीत संहिता करणे सोपे होते. तो मोह त्यांनी टाळला, आणि त्यांच्या पाठचिकित्सेचे मर्म येथेच आहे.

अब्दुर्रज्जाक सन्आनी (मृत्यू ८२७) यांचा ‘मुसन्नफ’ हे त्यांचे सर्वांत मोठे कार्य. अकरा खंडांची ही आवृत्ती बैरूत येथे १९७० ते १९७२ या काळात छापली गेली. तीत एकवीस हजारांहून अधिक निवेदने आहेत. हदीस पुष्कळ उशिरा रचल्या गेल्या, असे जोसेफ शाख्ट यांनी १९५० मध्ये मांडले होते. त्या मताचा हाराल्ड मोट्स्की यांनी १९९१ मध्ये जो प्रतिवाद केला, तो मुख्यतः याच आवृत्तीवर उभा आहे. आझमी स्वतः श्रद्धावान आलिम होते. पाश्चात्त्यांचा हा वाद त्यांचा प्रेरक हेतू नव्हता.

या ‘मुसन्नफ’च्या उपलब्ध हस्तलिखितात आरंभीची पाने नाहीत. त्यामुळे आझमींची आवृत्ती वुजूच्या प्रकरणात, हात धुण्याच्या विधीपाशी, एकाएकी सुरू होते. तो खंड त्यांनी अनुमानाने भरून काढला नाही. २००५ च्या सुमारास ‘हरवलेला भाग’ म्हणून एक मजकूर प्रसिद्ध करण्यात आला. परंतु ज्यांची भेट कालदृष्ट्या अशक्य, अशा व्यक्तींच्या बाबतीतही त्यात ‘अख्बरनी’ हे क्रियापद आढळले. भाषाही त्या काळाची नव्हती. हदीसच्या बहुतेक जाणकारांनी तो भाग बनावट ठरविला.