दूध फ्रीजमध्ये आहे

पुनर्वसन केंद्राच्या स्वयंपाकघरात ऑक्युपेशनल थेरपिस्ट ओट्यापासून जरा लांब उभी असते. "दादा, दोन कप चहा ठेवा," एवढंच सांगते. तिशीतला तो माणूस पातेलं घेतो, पाणी मोजतो, साखर, चहापावडर घालतो. दूध मात्र आज ओट्यावर नाही. तो थांबतो. फ्रीज हाताच्या अंतरावर आहे, पण तो उघडत नाही, कुणाला विचारतही नाही. पाणी उकळून आटायला लागतं. "आता काय हवंय?" असं तिने विचारलं की हात पुन्हा चालू लागतात. चहा त्याला येतो. अडतं ते आपणहून पुढे सरकण्यात, ठरलेलं चुकलं तर दुसरी वाट काढण्यात.

त्याला स्किझोफ्रेनिया आहे. या आजारातले भास, संशय बऱ्याच जणांचे औषधांनी आटोक्यात येतात. आटलेली इच्छा, तुटक बोलणं, कोरा चेहरा औषधाला फारशी दाद देत नाहीत. घरचे याला आळस म्हणतात, आणि हा शिक्का फार अन्यायाचा आहे.

दुसरी वाट काढता येते का, हे मोजायला विस्कॉन्सिन नावाची पत्त्यांची चाचणी आहे. तिच्यात पत्ते रंगावर लावायचे की आकारावर की संख्येवर, हे सांगत नाहीत. फक्त बरोबर की चूक, एवढंच कळतं. सलग 10 बरोबर आले की नियम न सांगता बदलतो. "चूक" ऐकूनही काही जण रंगच धरून बसतात.

पण मोजायचं कसं, हे माणूस कुठे वाढला त्यावरही ठरतं. ट्रेल मेकिंग या दुसऱ्या चाचणीच्या एका भागात आकडा, मग इंग्रजी अक्षर अशी साखळी जोडायची असते. एबीसीडी न शिकलेल्याची तिथे आजाराविनाच दमछाक होते. डॉक्टरांसमोर मान खाली घालून बसणारी सून भावशून्य ठरू शकते.

जागतिक आरोग्य संघटनेने 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात 9 देशांत स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचा अभ्यास सुरू केला. आग्रा, नायजेरियातलं इबादान इथले रुग्ण पुढे लंडन, मॉस्कोतल्यांपेक्षा बरे राहिल्याचं दिसलं. कुटुंबाचा आधार हे एक कारण सांगितलं जातं. त्यावर वादही आहे. त्या आधाराची दुसरी बाजू मी चहा करणाऱ्या त्या माणसाच्या आईत पाहिली. अंघोळीचं पाणी ती काढते, टॉवेल ती देते, ताट ती वाढते. "अंघोळ स्वतः करतो का?" या प्रश्नाला ती मनापासून "हो" म्हणते.

थेरपिस्टने प्रश्न बदलला. "काकू, तुम्ही पाणी काढलं नाही तर?"

आई विचारात पडली. "मग बसून राहील."

या आठवड्यापासून पाणी तोच काढणार आहे. आईने फक्त एकदा आठवण करून द्यायची आणि बाथरूमच्या दारावर क्रम लिहिलेला कागद लावायचा.