तेवढा फोटो द्या, साहेब

2006 सालची गोष्ट. ऑगस्टात जायकवाडीतून पाणी सोडावं लागलं आणि गोदाकाठच्या कितीतरी गावांत ते शिरलं. मी तेव्हा अंकुशनगरच्या परिसरातल्या एका बँकशाखेत अधिकारी होतो. पूर ओसरल्यावर आमच्या काउंटरवर भिजलेल्या पासबुकांची रीघ लागली होती. पंख्याखाली पासबुकं वाळत घालणारी बँक मी त्यापूर्वी कधी पाहिली नव्हती.

दिवाळीनंतर एक बाई आली. नवरा वारला होता. खात्यात हजार-बाराशे रुपये होते, तेवढ्यासाठी ती तीन खेटे घालून चुकली होती. चौथ्या खेपेला मृत्यूचा दाखला, वारसाचा कागद, साक्षीदार असं सगळं जुळलं. मी अंगठा घेतला, पैसे मोजून दिले. पण बाई उठेना. तिची नजर माझ्या टेबलावरच्या खातं उघडण्याच्या फॉर्मवर खिळली होती. फॉर्मच्या कोपऱ्यात तिच्या नवऱ्याचा पासपोर्ट साइज फोटो होता. निम्म्या गालावर बँकेचा गोल शिक्का.

"साहेब, तेवढा फोटो द्या. पेटी पाण्यात गेली. लेकराला बाप दाखवायला घरात काहीच न्हाई."

मी म्हणालो, "बाई, फॉर्म बँकेचा असतो. त्यातलं काही काढून देता येत नाही."

नियमाने बोललो ते बरोबरच होतं. ती गेली. रस्त्यापलीकडे एका तरुणाचा फोटो स्टुडिओ होता. त्याने नुकताच डिजिटल कॅमेरा घेतला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तो कौतुकाने दाखवत असे. वरिष्ठांना विचारून मी त्याला हाक मारली असती, तर फॉर्म जागचा न हलवता त्या फोटोचा फोटो पाच मिनिटांत निघाला असता. हे मला सुचलं ते रात्री जेवताना. मग आज करू, उद्या करू असं म्हणता म्हणता माझी बदली झाली.

2019 साली निवृत्त झालो आणि पहिल्याच महिन्यात जुना, वापरलेला डिजिटल कॅमेरा घेतला. "कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला हा काय नवा नाद?" असं मित्र विचारतात. मी हसून वेळ मारून नेतो. खरं उत्तर वर लिहिलं आहे.

ज्यांनी अंकुशनगर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यात, महाकाळा गावाजवळ समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवती ही वसाहत वाढली. अंकुशराव टोपे यांचं नाव तिला मिळालं. 1991 साली ते जालन्यातून लोकसभेवर निवडून गेले होते. दिवाळीच्या आगेमागे गळीत हंगाम सुरू झाला की गावाचा नूरच पालटतो. हवेत मळीचा वास भरतो, उसाने लादलेल्या बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरांची रांग लागते, ऊसतोड कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात. फोटोग्राफी शिकणाऱ्याला याहून चांगली शाळा नाही. पहाटेचं धुकं, चुलीचा धूर, घुंगरमाळा, आणि उन्हातान्हात रापलेले चेहरे.

मला शिकवलं ते रस्त्यापलीकडच्या त्याच स्टुडिओवाल्याने. तो आता चाळिशीत आहे. पहिल्या दिवशी त्याने माझ्या हातातलं कॅमेऱ्याचं जाडजूड माहितीपुस्तक काढून घेतलं. "काका, बँकेत तुम्ही सही बघायचा. इथं उजेड बघायचा. बाकी मागून येतं." मग त्याने एका आजोबांना घराच्या उंबऱ्याच्या आत, बाहेर तोंड करून बसवलं. भर दुपारची वेळ. अंगणात ऊन मी म्हणत होतं, पण चौकटीतून आत येणारा उजेड मऊ होता. चेहऱ्यावरची एकेक सुरकुती दिसत होती आणि एकही बोचत नव्हती. मराठवाड्यातल्या उन्हात दहा ते चार उघड्यावर चेहऱ्याचा फोटो काढला की डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे येतात. उंबरा हा गरिबाचा स्टुडिओ आहे, हे मी त्या दिवशी शिकलो.

बाकीचं तंत्र आपण समजतो तितकं अवघड नाही. अॅपर्चर म्हणजे खिडकी किती उघडी, शटर म्हणजे ती किती वेळ उघडी, आणि आयएसओ म्हणजे आत आलेल्या उजेडाला कॅमेरा किती वाढवून घेतो. तिसरा आकडा फार वाढवला की चित्रात रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात. सुरुवातीला कॅमेऱ्यासोबत येणारी साधी लेन्स पुरे. चेहऱ्यांची गोडी लागली तर पुढे 50 मिलिमीटरची लेन्स घ्यावी. हे सगळं येईपर्यंत हातातल्या मोबाइलवरही उजेड पाहायला शिकता येतं.

दुकानदार मेगापिक्सेलचे आकडे सांगून छाती दडपवतात. त्याचा हिशेब बँकवाल्याने सांगितलेला बरा. चार बाय सहा इंचाचा फोटो इंचाला 300 ठिपके धरून छापला तर 1200 गुणिले 1800, म्हणजे साधारण 22 लाख ठिपके लागतात. म्हणजे दोन मेगापिक्सेलच्या थोडं वर. आठ बाय दहा इंचाला 72 लाख. एवढं तर आज साधा मोबाइलही देतो.

या साऱ्याची सुरुवात 1975 साली अमेरिकेत झाली. कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. त्याचं चित्र अवघ्या दहा हजार ठिपक्यांचं होतं आणि ते कॅसेटवर उतरायला 23 सेकंद लागत. फिल्म विकून मोठ्या झालेल्या त्या कंपनीला 2012 साली दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. माझ्या लहानपणी मामांकडे आग्फाचा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये बारा फोटो. मामा आम्हा भावंडांना अर्धा तास उन्हात उभं करत आणि शेवटी "जाऊ द्या, रोल वाया जाईल" म्हणून कॅमेरा पेटीत ठेवून देत. आता वाया जायला काहीच नाही. फोटो काढणं फुकट झालं. म्हणूनच निव्वळ फोटो काढण्याचे पैसे कोणी देत नाही.

मग जोडधंदा कशाचा? माझ्या अनुभवात लोक पैसे देतात ते फोटो हातात मिळण्याचे. स्टुडिओवाल्याच्या दारावर रात्री-अपरात्री थाप पडते, ती बहुतेक वेळा एकाच कामासाठी. घरात कोणी गेलेलं असतं आणि सकाळी हार घालायला फोटो हवा असतो. हातात असतं आधार कार्ड. "हाच मोठा करा." पण टपाल तिकिटाएवढ्या चित्रात जेवढे ठिपके आहेत तेवढेच आहेत. ते बारा इंचांच्या चौकटीत ताणले की माणूस धुरकट होतो. आयुष्यभर साऱ्या गावाने ओळखलेला चेहरा त्या चौकटीत ओळखू येत नाही. म्हणून जुने, फाटके, ओल लागलेले फोटो दुरुस्त करणं आणि म्हाताऱ्या माणसांचे चांगले फोटो वेळेवर काढून छापून देणं, ही दोन कामं मी धरली. बारसं, डोहाळजेवण, शाळेचं संमेलन ही कामं मागाहून आपणहून आली.

लग्नाच्या कामाला मात्र एकदम हात घालू नये. वरमाला पुन्हा पडत नाही. आधी दोन-चार लग्नांत कोणा जाणत्याचा मदतनीस म्हणून उभं राहावं. विसार घ्यावा आणि किती फोटो, कधी देणार, हे कागदावर लिहावं.

आता थोडं जुन्या खुर्चीत बसून बोलतो. पहिला कॅमेरा कर्जाने घेऊ नका. ट्रॅक्टर शेत नांगरतो तेव्हा हप्ता फिटतो. कपाटातला कॅमेरा दरवर्षी नुसता स्वस्त होतो. मी 22 हजारांना जुना घेतला आणि पहिल्या वर्षी कमावले नऊ हजार. वही वेगळी ठेवली म्हणून हे कळलं, नाहीतर मी स्वतःला मोठा व्यावसायिक समजून बसलो असतो. प्रत्येक कामाच्या दोन प्रती, दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. मेमरी कार्ड हे पाकीट आहे, तिजोरी नव्हे. आणि व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो आक्रसतो, तेव्हा छपाईसाठीचा फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आपल्याकडे या धंद्याने वेगळेच दिवस पाहिलेले आहेत. त्र्यंबकेश्वरी 1870 साली जन्मलेले दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र' काढण्याच्या कितीतरी आधी फोटोग्राफर होते. गोध्र्यात त्यांनी स्टुडिओ थाटला. तिथे प्लेगमध्ये त्यांची पत्नी आणि मूल गेलं. पुढे बडोद्यात पुन्हा धंदा मांडला, तर कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो आणि माणूस मरतो, अशी आवई उठली आणि गिऱ्हाइकं फिरकेनात. हे वाचून आपण हसतो. कोप्यांवर एक म्हातारी मला म्हणाली होती, "फोटू नको रं बाबा, फोटू काढला की मानूस जातंय." तिच्याही घरात फोटो होते ते फक्त गेलेल्यांचे, हार घातलेले. तिने बांधलेला संबंध चुकीचा होता, पण पाहिलेलं खोटं नव्हतं. मी कॅमेरा बंद केला. 'नको' म्हणणाऱ्याचा फोटो काढायचा नाही, हा या छंदाचा पहिला नियम.

धंदा करायचा म्हणून कॉपीराइटचा 1957 चा कायदा चाळला, तेव्हा एका कलमापाशी थबकलो. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. त्या बाईच्या नवऱ्याने कुठल्याशा स्टुडिओत रोख पैसे मोजून तो फोटो काढून घेतला होता. फॉर्म बँकेचा होता, हे मी बरोबर सांगितलं होतं. चेहरा त्याचा होता, हे मला कोणी सांगायला हवं होतं का?

निवृत्तीनंतर त्या शाखेत जाऊन चौकशी केली. बंद खात्यांचे कागद ठरावीक वर्षांनी नष्ट करतात. तसे तेही झाले होते. यातही कोणाची चूक नाही.

आता मी एक करतो. साठीपुढचं कोणी माझ्यासमोर बसलं की एक फोटो जास्तीचा छापतो आणि त्यांच्या हातात देतो. त्याचे पैसे घेत नाही. मागे पेन्सिलीने नाव, गाव आणि तारीख लिहितो. वहीत तो खर्च 'जुनी बाकी' या नावाखाली पडतो.

आज रविवार आहे. घरात आई, आजोबा, आत्या कोणी असतील तर त्यांना उंबऱ्याच्या आत, उजेडाकडे तोंड करून बसवा. मोबाइलच काढा, पण त्यातला एक फोटो या आठवड्यात छापून आणा.

त्या बाईचं लेकरू आता विशीत असेल. त्याच्या खिशातल्या मोबाइलमध्ये त्याचे स्वतःचे हजारभर फोटो असतील. बापाचा एकही नसेल.