लिनक्सची सनद : कोणती व कशासाठीं ?

बीड जिल्ह्यांतील मांजरसुंबा हें चार वाटांचें गांव. बीड, सोलापूर, केज-अंबाजोगाई व पाटोदा-जामखेड असे रस्ते येथून फुटतात. येथील एखादा पदवीधर तरुण संगणकाच्या नोकरीसाठीं पुण्याची गाडी धरूं पाहतो, तेव्हां त्याच्यापुढें आणखी एक चौक उभा राहतो : लिनक्सचा कारभारी व्हावयाचें, तर सनद कोणाची घ्यावी ? घरच्यांनीं साठविलेला पैसा बहुधा एकाच परीक्षेच्या शुल्कास पुरणारा असतो.

लिनक्स ही संगणकाची कार्यप्रणाली. तिचा गाभा फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं रचला व पुढें तो सर्वांस मोकळा केला. जी वस्तु कोणा एकाच्या मालकीची नाहीं, तिची परीक्षा घेण्याचा मक्ता तरी एकाकडे कसा राहणार ? १९९९ सालीं दोन पंथ निघाले. रेड हॅट या अमेरिकन कंपनीनें आपल्या लिनक्सपुरती परीक्षा सुरू केली. तर लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूट ही संस्था कोणत्याही कंपनीस बांधील न राहतां सर्व प्रकारच्या लिनक्सचें ज्ञान तपासूं लागली.

खरा भेद परीक्षेच्या रीतींत आहे. इन्स्टिट्यूटच्या पहिल्या सनदेसाठीं दोन प्रश्नपत्रिका. प्रत्येकींत ६० प्रश्न, वेळ ९० मिनिटें. उत्तर निवडावयाचें किंवा रिकामी जागा भरावयाची. रेड हॅटच्या पहिल्या पायरीला प्रश्नपत्रिकेचें असें सोंग नाहीं. उमेदवारापुढें चालतें यंत्र असतें. विसरलेला परवलीचा शब्द बदला, साठवणीचे विभाग पाडा, असें काम सांगितलें जातें. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केल्यावर जें टिकणार नाहीं, त्याला गुण नाहींत. भाकरीची कृति लिहिणें निराळें आणि ती तव्यावर फुगविणें निराळें ! २०१४ सालीं लिनक्स फाउंडेशननेंही प्रात्यक्षिकाचीच परीक्षा काढली. ती घरबसल्या, दूरच्या निरीक्षकाच्या नजरेखालीं देतां येते.

मात्र यांपैकीं कोणतीही सनद जन्माची नव्हे. इन्स्टिट्यूटची पांच वर्षें चालते, रेड हॅटची तीन.

पुण्यास रेड हॅटचें स्वतःचें कार्यालय आहे व तिकडे तिची सनद चटकन् ओळखली जाते. शुल्क एकदांच भरतां येणार असेल, तर प्रात्यक्षिकाची परीक्षा पत्करावी, हें उघड आहे. तयारीला मात्र पैसा लागत नाहीं. रेड हॅटच्या लिनक्सशीं जुळणारे अल्मालिनक्स व रॉकी लिनक्स २०२१ पासून फुकट मिळतात. घरच्या जुन्या संगणकावर ते बसवावे, हातानें मोडावे आणि पुन्हा उभे करावे. गांव सोडण्यापूर्वींच हें करतां येतें.