रस्ता मोकळा करून देणारे मेजर राणे

परमवीरचक्र म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हुतात्म्याचेच चित्र उभे राहते. ते साहजिकच आहे. आजवरच्या २१ मानकऱ्यांपैकी १४ जणांना हा सन्मान मरणोत्तर मिळाला. पहिल्या पाचांतले दोघेच तो स्वीकारायला हयात होते. त्यांपैकी एक आपल्या शेजारच्या कारवारकडचे, रामा राघोबा राणे. (या पदकाचे रेखाटन करणाऱ्या सावित्रीबाई खानोलकर जन्माने युरोपीय, पण सासर मराठी, हेही जाता जाता सांगावेसे वाटते.)

राणे यांचा जन्म १९१८ चा, गाव चेंडिये. १९४० साली ते ‘बॉम्बे सॅपर्स’मध्ये साधे शिपाई म्हणून भरती झाले, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात लढले आणि डिसेंबर १९४७ मध्ये अधिकारी झाले. सॅपर म्हणजे पूल बांधणारा, रस्ता करणारा, सुरुंग काढणारा सैनिक. बंदूक त्याच्याजवळही असते. पण गोळ्या सुटत असताना त्याचे हात बहुधा मातीत गुंतलेले असतात. उलट गोळी झाडून मन हलके करण्याचीही सोय त्याला नसते. मला तर हे धैर्य अधिक अवघड वाटते.

एप्रिल १९४८ मध्ये आपले सैन्य नौशेराहून राजौरीकडे निघाले. राजौरीतले लोक शत्रूच्या तावडीत होते, त्यामुळे दिवस मोलाचे होते. वाटेत मात्र भूसुरुंग पेरलेले, झाडे आडवी पाडलेली, मोऱ्या उद्ध्वस्त केलेल्या. ८ तारखेला बरवालीपुढे काम सुरू होताच उखळी तोफांचा मारा झाला. राणे यांच्या तुकडीतले दोन जवान ठार झाले, पाच जखमी झाले. त्या पाचांत स्वतः राणे होते. तरीही संध्याकाळपर्यंत रणगाड्यांना वाट मिळाली. पुढचे तीन दिवस हेच. रणगाड्याच्या पोटाखाली सरपटत, दोरीच्या खुणेने चालकाला ‘थांब’, ‘चल’ सांगत ते पुढे सरकत होते. १२ एप्रिलला राजौरी हाती आली.

शाळेच्या पुस्तकात गोष्ट इथे संपते. माणूस मात्र त्यानंतर सेहेचाळीस वर्षे जगला. १९५५ साली विवाह, मग चारचौघांसारखा संसार, मुलेबाळे, १९६८ मध्ये मेजर म्हणून निवृत्ती, ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात निधन. त्या दोन जवानांच्या वाट्याला हे काहीच आले नाही. राणे यांना ते मिळाले, आणि त्यांनी ते साधेपणाने निभावले. वीराच्या चरित्रात हा भाग दोन ओळींत उरकण्याची आपली रीत मला पटत नाही.

२३ जानेवारी २०२३ रोजी अंदमान-निकोबारमधील एका बेटाला त्यांचे नाव देण्यात आले. कारवारच्या किनाऱ्यावर, युद्धनौकेच्या संग्रहालयाजवळ त्यांचा पुतळा आहे. आमच्या सहलीत सर्वांनी फोटो काढले ते नौकेसमोर. पुतळ्यापाशी आम्ही तिघेच थांबलो होतो.