डॉक्टर नाही? तरी हॉस्पिटल चालवा!

हॉस्पिटल मॅनेजमेंटच्या मास्टर्सला अ‍ॅडमिशन घ्यायला पांढरा कोट लागत नाही. लागतात पन्नास टक्के, एक एन्ट्रन्स आणि एका साध्या प्रश्नाचं खरं उत्तर.

सकाळी १० वाजता डॉक्टर राऊंडला येतात. 'काका, आज घरी जायचं,' म्हणतात. काका खूश. काकू पिशव्या भरायला घेतात. १२ वाजता कळतं, फाइल अजून फार्मसीतच आहे. २ वाजता कळतं, बिल तयार आहे, पण इन्शुरन्सचं अप्रूव्हल यायचंय. तुम्ही ऑफिसात हाफ डे टाकून आलेले असता, त्याचा कधीच फुल डे झालेला असतो. संध्याकाळी ६ वाजता काका एकदाचे रिक्षात बसतात.

या आठ तासांत डॉक्टरांचं काहीच चुकलेलं नसतं. अडलेली असते ती व्यवस्था. फार्मसी, बिलिंग, वॉर्ड आणि इन्शुरन्स यांची मोट बांधणारा माणूस म्हणजे हॉस्पिटल मॅनेजर.

माझी एक मैत्रीण बीकॉम, ठाण्यात एका बँकेत नोकरीला. वडिलांच्या आजारपणात तिने हे सगळं जवळून पाहिलं आणि घरी जाहीर केलं, 'मला हेच शिकायचंय.' आई म्हणाली, 'अगं, पण तू कुठे डॉक्टर आहेस?'

दारं दोन आहेत

आईची शंका अगदीच चुकीची नव्हती. एक दार खरंच फक्त डॉक्टरांसाठी आहे. दिल्लीच्या एम्ससारख्या संस्थेत हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये एमडी करता येतं. तीन वर्षांचा कोर्स. त्यासाठी एमबीबीएस आणि पूर्ण झालेली इंटर्नशिप हवी, शिवाय आयएनआय-सीईटी द्यावी लागते.

दुसरं दार तुमच्या-आमच्यासाठी. हॉस्पिटल किंवा हेल्थकेअर मॅनेजमेंटमधलं दोन वर्षांचं एमबीए किंवा पीजीडीएम. इथली नेहमीची अट एकच: कुठल्याही शाखेची पदवी आणि किमान ५० टक्के, राखीव प्रवर्गाला ४५ टक्के. त्यामुळे वर्गात डेंटिस्ट, फिजिओथेरपिस्ट, बीएएमएस, बीफार्म यांच्या शेजारी इंजिनीअर आणि बीकॉमवालेही दिसतात. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असाल, तरी बहुतेक ठिकाणी अर्ज करता येतो. ४९.८ टक्क्यांचे कुणी ५० करून देईल या भरवशावर मात्र राहू नका.

एन्ट्रन्सचा फंडा

संस्था आधी ठरवा, परीक्षा मागून. उलटं केलंत तर फॉर्मचे पैसे फुकट.

पुण्याच्या सिम्बायोसिस इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ सायन्सेसला जायचं तर 'स्नॅप'. ६० मिनिटांत ६० प्रश्न. चुकलं की पाव मार्क गेला. म्हणजे इथे स्पीडलाच किंमत.

गोव्यात साखळीजवळच्या गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटमध्ये हेल्थकेअरचा पीजीडीएम आहे. तिथे 'कॅट', 'झॅट' असे स्कोअर चालतात. कॅट वर्षातून एकदाच होते, साधारणपणे नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी. दिवाळीचा फराळ त्या वर्षी जपून!

देवनारच्या 'टिस'मध्येही हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशन शिकवतात. त्यांची स्वतःची 'टिसनेट' एके काळी गाजलेली. आता तिथे राष्ट्रीय पातळीवरच्या परीक्षेचा स्कोअर लागतो.

राज्यातल्या विद्यापीठांशी संलग्न कॉलेजांसाठी आहे एमबीए सीईटी. १५० मिनिटांत २०० प्रश्न आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. तेव्हा एकही गोल रिकामा सोडू नका, बॉस.

फाइल आधी, अभ्यास नंतर

माझ्या मैत्रिणीचा सगळ्यात जास्त वेळ परीक्षेने नाही, कागदांनी खाल्ला. सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट, पदवी प्रमाणपत्र, ग्रेड असतील तर त्यांचे टक्के करून दिल्याचं विद्यापीठाचं पत्र, नोकरीचा अनुभव दाखवणारं लेटर. राज्याच्या कॅप राऊंडला बसायचं तर डोमिसाइल. राखीव जागेसाठी जात वैधता, आणि लागू असेल तर नॉन-क्रीमी लेअर. हे कागद एका दिवसात होत नाहीत. अर्ज सुटायच्या आधी तीन-चार महिने मागे लागा.

आणखी एक गोष्ट. कोर्सला एआयसीटीई किंवा यूजीसीची मान्यता आहे ना, ते स्वतः तपासा. पीजीडीएम हा डिप्लोमा असतो. पुढे पीएचडी करायची असेल, तर तो एमबीएच्या बरोबरीचा धरला जातो का, हे आधीच विचारून घ्या.

'व्हाय हेल्थकेअर?'

खरी गाळणी इंटरव्ह्यूला लागते. मैत्रीण पहिल्या वर्षी आपटली ती इथेच. तिने पाठ केलेलं उत्तर दिलं, 'मला लोकांची सेवा करायची आहे.' पॅनेलवरचे एक सर शांतपणे म्हणाले, 'मग नर्सिंग का नाही केलंत?' तिच्याकडे उत्तर नव्हतं.

घरी येऊन रडली, आणि मग कामाला लागली. सलग काही शनिवार एका ओळखीच्या नर्सिंग होममध्ये बिलिंग काउंटरमागे बसली. वाचन वाढवलं. आयुष्मान भारतमध्ये कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण मिळतं, योजना सुरू झाली २०१८ मध्ये. राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. हॉस्पिटलने डिस्चार्जची विनंती पाठवल्यापासून तीन तासांत इन्शुरन्स कंपनीने कॅशलेसची अंतिम मंजुरी द्यावी, असं विमा नियामकाने २०२४ मध्ये बजावलं.

दुसऱ्या वर्षी तोच प्रश्न आला. या वेळी तिने बाबांच्या डिस्चार्जचे आठ तास सांगितले. फाइल कुठे किती वेळ पडून होती, तीन तासांचा नियम असूनही हॉस्पिटलच्या बाजूचा वेळ कुठे जातो, आणि आदल्या संध्याकाळीच बिल जुळवायला घेतलं तर काय वाचेल. बँकेत क्लिअरिंगची कामं केल्यामुळे हे तिला पटकन दिसलं होतं. बीकॉम असणं तिथे आड आलं नाही, उलट कामाला आलं.

राजीनामा टाकण्याआधी

दोन वर्षं पगार बंद, वर फी. म्हणून कॉलेजला 'हायेस्ट पॅकेज' विचारू नका, ते पोस्टरवर असतंच. मधल्या विद्यार्थ्याला किती मिळतं ते विचारा. इंटर्नशिप कुठल्या हॉस्पिटलांत होते ते विचारा. आणि एक शनिवार कुठल्याही ओपीडीत सकाळपासून बसून बघा. वैतागलात तर हे क्षेत्र तुमचं नाही. 'इथे रांग अशी का लावलीय?' असा प्रश्न पडला, तर फॉर्म भरा.

मैत्रीण सध्या पहिल्या वर्षाला आहे. समर इंटर्नशिपसाठी तिने विषय मागून घेतलाय: डिस्चार्जला लागणारा वेळ. आई आता शेजाऱ्यांना सांगते, 'आमची मुलगी डॉक्टर नाही हो, पण हॉस्पिटलचंच शिकतेय.'