विजेवरचा बंब आणि आपली पाखाडी

लग्नाच्या मोसमात अलिबागच्या आसपासच्या गावांतून फिरलं की एक दृश्य हमखास दिसतं. नारळी-पोफळीच्या वाडीत कापडी मांडव, त्यामागे तीन-चार देगा आणि देगांखाली धडधडणाऱ्या गॅसच्या शेगड्या. मांडवापर्यंतची वाट दोन्ही बाजूंच्या गडग्यांमधून जाते आणि तिच्यात पाहुण्यांच्या मोटारी उभ्या असतात. कापडाने पेट घेतला तर बंब कुठवर येईल, हे दावतीच्या धांदलीत कुणाच्या मनात येत नाही.

हल्ली विजेवर चालणाऱ्या बंबांची बरीच चर्चा होते. ती कौतुकाची आहे खरी. ऑस्ट्रियातल्या रोझेनबाउअर कंपनीचा असा बंब बर्लिनच्या अग्निशमन दलाने २०२१ मध्ये सेवेत घेतला आणि २०२२ मध्ये लॉस एंजेलिसमध्येही तो आला. त्याची मागची चाकंही वळतात, त्यामुळे अरुंद वळणावर गाडी अडत नाही. इंजिनाचा घरघराट नसल्याने आगीपाशी जवानांना एकमेकांचं बोलणं ऐकू येतं. धुराचा मुद्दा तर त्याहून मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर २०१२ मध्ये आणि अग्निशामकाचं कामच २०२२ मध्ये कर्करोगाच्या निश्चित कारणांत धरलं. केंद्रात उभी गाडी सुरू केली की तो धूर आधी जवानांच्याच छातीत जातो. आपल्यासाठी आगीत शिरणाऱ्या माणसाला रोज हा धूर घ्यावा लागू नये, एवढ्यासाठीही विजेची गाडी हवीशी वाटते.

पण आपल्या किनाऱ्याचा विचार केला की ३ जून २०२० आठवतो. निसर्ग चक्रीवादळ त्या दिवशी अलिबागच्या दक्षिणेला धडकलं. पोफळी आडव्या झाल्या, कौलं उडाली, विजेचे खांब मुळापासून उखडले. रायगडच्या कितीतरी गावांनी पुढचे अनेक दिवस अंधारात काढले. अशा दिवसांत मेणबत्त्या, चुली आणि जनरेटर यांच्यावरच घर चालतं, म्हणजे आगीचा धोका वाढलेला असतो. नेमक्या तेव्हाच बंबाची बॅटरी भरायला वीज नसेल तर? बर्लिनच्या गाडीतही याची सोय ठेवली आहे. बॅटरी संपत आली की गाडीतलं डिझेल इंजिन वीज तयार करतं. तिथे अशी तजवीज लागते, मग कोकणात तिच्याशिवाय गाडी घेणं म्हणजे भाबडेपणाच.

आपल्याच जिल्ह्यात माथेरान आहे. दस्तुरी नाक्यापुढे मोटारींना बंदी. सूट मिळाली ती रुग्णवाहिका आणि बंबाला. डिसेंबर २०२२ मध्ये तिथे ई-रिक्षांची चाचणी सुरू झाली आणि चढाच्या, वळणाच्या वाटेवरही विजेची छोटी गाडी चालू शकते हे लोकांनी पाहिलं. मला वाटतं, अलिबागच्या कोळीवाड्यांना आणि मोहल्ल्यांना बर्लिनच्या महागड्या गाडीपेक्षा अशाच चणीचा छोटा बंब जास्त उपयोगी पडेल. पाण्याची लहान टाकी, एक पंप, गुंडाळलेली नळी आणि दोन माणसं. मोठी गाडी मागून येईपर्यंत आग रोखून धरणं हेच त्याचं काम.

मोठ्या गाडीचंही गणित समजून घ्यायला हवं. नेहमीच्या बंबात सुमारे साडेचार हजार लिटर पाणी मावतं. एका नळीतून मिनिटाला साधारण साडेचारशे लिटर सुटलं तर दहा मिनिटांत टाकी कोरडी, दोन नळ्या लावल्या तर पाचच मिनिटांत. बंब डिझेलचा असो की विजेचा, यात काही फरक पडत नाही. पुढचं पाणी गावातूनच मिळवावं लागतं.

अलिबागचं नावच विहिरी खोदणाऱ्या आणि बागा लावणाऱ्या अली नावाच्या श्रीमंत गृहस्थावरून पडलं, असं सांगतात. त्या परंपरेतल्या विहिरी आज कुठे जाळीने बंद आहेत, कुठे बुजवल्या आहेत. मशिदीच्या हौदात मात्र वुजूसाठी पाणी भरलेलं असतं. हौदाच्या किंवा वापरात असलेल्या विहिरीच्या कडेपर्यंत बंबाची नळी पोहोचू शकेल का, हे जमातच्या कुणीतरी अग्निशमन केंद्रातल्या माणसाला एकदा बोलावून दाखवावं. काय बदल करायचे ते तोच सांगेल.

घरात ई-स्कूटर असेल तर तिची बॅटरी रात्री सगळे झोपलेले असताना जिन्याखाली किंवा दाराशी चार्जिंगला लावू नका. पेटली तर बाहेर पडायची वाटच बंद होते, आणि विझली असं वाटल्यावरही ती पुन्हा भडकू शकते.

आणि एक दिवस टेप घेऊन आपली पाखाडी मोजा. बंब सुमारे अडीच मीटर रुंद असतो. आरसे आणि वळण धरलं तर तीन मीटर मोकळे हवेत. कमी भरली तर गाडी कुठपर्यंत येते ती जागा घरातल्या मुलांनाही दाखवून ठेवा. १०१ किंवा ११२ ला फोन केल्यावर घराच्या पत्त्यासोबत तीच जागा आणि जवळची विहीर सांगायची असते.